विंडोजवर उघडणारी फाईल लिनक्सवर का सापडत नाही: पाथच्या वारंवार येणाऱ्या अडचणींचे निदान आणि उपाय

पाथ म्हणजे फाईल कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सांगणारा तिचा पत्ता. प्रोग्राम विंडोजच्या संगणकावर व्यवस्थित चालतो, पण तोच लिनक्सच्या सर्व्हरवर चढवला की फाईल सापडत नसल्याची त्रुटी येऊ लागते. कोणीतरी घाईने बॅकस्लॅशच्या (\) जागी फॉरवर्ड स्लॅश (/) घालणारी एक ओळ लिहितो, त्रुटी नाहीशी होते, आणि काही आठवड्यांनी तीच अडचण दुसऱ्याच ठिकाणी निराळ्या रूपात उभी राहते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की अनेक प्रकल्पांत पाथ दुरुस्त करणारी चार-पाच फंक्शने वेगवेगळ्या फाईलींत विखुरलेली आढळतात आणि त्यांतली कोणतीही दोन एकसारखी वागत नाहीत. अडचण पुन्हा पुन्हा येते, कारण ती जिथे दिसते तिथे दुरुस्त केली जाते. पाथ जिथून प्रोग्रामात शिरतो तिथे तिच्याकडे कोणी पाहत नाही. पाथ कोणत्या सिस्टिमच्या नियमांनी लिहिला गेला आहे, हे शिरतानाच ठरवले नाही तर पुढे कोणत्याही फंक्शनला ते खात्रीने ओळखता येत नाही.

लक्षणे

फाईल न सापडल्याची त्रुटी हे त्यातल्या त्यात चांगले लक्षण म्हणावे लागेल, कारण निदान काहीतरी बिघडले आहे हे ती सांगते. खरा धोका त्रुटी न येण्यात आहे. पुढील पाथ पाहा.

नोंदी\मार्च\अहवाल.सीएसव्ही

विंडोज याचा अर्थ ‘नोंदी’ फोल्डरमधील ‘मार्च’ फोल्डरमधील ‘अहवाल.सीएसव्ही’ ही फाईल असा लावते. लिनक्सला मात्र बॅकस्लॅश हे इतर कोणत्याही अक्षरासारखेच एक अक्षर आहे. फाईलच्या नावात तिथे फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: फॉरवर्ड स्लॅश आणि शून्य मूल्याचा बाइट. त्यामुळे हा पाथ लिहिण्यासाठी उघडला, तर लिनक्स चालू फोल्डरमध्ये ‘नोंदी\मार्च\अहवाल.सीएसव्ही’ अशा लांबलचक नावाची एकच फाईल तयार करते आणि काम यशस्वी झाल्याचे कळवते. प्रोग्राम ती फाईल पुन्हा त्याच नावाने वाचतो, म्हणून चाचण्याही उत्तीर्ण होतात. बिघाड उघडकीला येतो तो दुसरा एखादा प्रोग्राम ‘नोंदी’ फोल्डरमध्ये ती फाईल शोधायला जातो तेव्हा, आणि तोवर अशा शेकडो फाईली साठलेल्या असतात.

याच कुळातली आणखी काही लक्षणे आहेत. झिप फाईल उलगडल्यावर फोल्डर तयार न होता नावांत बॅकस्लॅश असलेल्या फाईलींचा ढीग पडतो. मॉड्यूल स्वतःच्या संगणकावर लोड होते, पण बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे कोड जुळवून तपासणाऱ्या सर्व्हरवर, होत नाही. एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या नावांच्या दोन फाईली दिसतात. कॅशे, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी जपलेली प्रत, दरवेळी नव्याने तयार होतो, कारण ड्राइव्हचे अक्षर एका ठिकाणाहून कॅपिटल येते आणि दुसऱ्या ठिकाणाहून स्मॉल, आणि दोन्ही स्ट्रिंगची (अक्षरांच्या माळांची) तुलना केल्यावर ते पाथ वेगळे ठरतात. या सगळ्यांवर एकच उपाय लागू पडत नाही. म्हणून काही बदलण्याआधी निदान करावे.

आधी पाथ जसा आहे तसा पाहा

लॉगमध्ये छापलेला पाथ पाहून निदान करू नये. लॉग पाथचे दिसणारे रूप दाखवतो, आणि अडचण बहुधा न दिसणाऱ्या भागात असते. पायथनमध्ये ‘रेप्र’ फंक्शन वापरून स्ट्रिंग अवतरणचिन्हांसह छापावी, तिची लांबी छापावी, आणि संशय असेल तर ‘अ‍ॅस्की’ फंक्शनने छापून प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक डोळ्यांखालून घालावा. सोबत चालू फोल्डर कोणता आहे हेही नोंदवावे. सापेक्ष, म्हणजे चालू फोल्डरपासून मोजलेल्या, पाथच्या निम्म्या तक्रारी पाथच्या नसतातच, त्या प्रोग्राम भलत्याच फोल्डरमधून सुरू झाल्याच्या असतात. विशेषतः वेळापत्रकानुसार आपोआप चालणाऱ्या कामांत हे हमखास घडते.

असे पाहिल्यावर काही चोर लगेच सापडतात. फाईलमधून वाचलेल्या ओळीच्या शेवटी नवी ओळ दर्शवणारे अक्षर तसेच राहिलेले असते. विंडोजच्या एक्सप्लोररमधून पाथ कॉपी करण्याची सोय वापरली तर पाथभोवती दुहेरी अवतरणचिन्हे येतात आणि ती सेटिंगच्या फाईलमध्ये तशीच चिकटवली जातात. त्याहून फसवा प्रकार गुणधर्मांच्या खिडकीतील सुरक्षेच्या पानावरून पाथ कॉपी केल्यावर होतो: पाथच्या सुरुवातीला यू+२०२ए हे मजकुराची दिशा ठरवणारे अदृश्य अक्षर येऊ शकते. पाथ दिसायला अगदी बरोबर असतो, पण पहिले अक्षर ड्राइव्हचे नसल्यामुळे विंडोज तो स्वीकारत नाही.

दुसरा नेहमीचा चोर म्हणजे स्ट्रिंगमधील बॅकस्लॅश. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत बॅकस्लॅशनंतर एन हे अक्षर आले की नवी ओळ होते आणि टी आले की टॅब होतो. त्यामुळे स्मॉल एन किंवा टी ने सुरू होणारे फोल्डरचे नाव थेट कोडमध्ये लिहिले, की पाथ मधेच तुटतो. पायथन ३ मध्ये विंडोजच्या ‘युझर्स’ फोल्डरचा पाथ साध्या स्ट्रिंगमध्ये लिहिला तर प्रोग्राम सुरूच होत नाही, कारण बॅकस्लॅश आणि कॅपिटल यू यांच्यानंतर आठ अंकी युनिकोड क्रमांक यावा अशी भाषेची अपेक्षा असते. बॅकस्लॅशला विशेष अर्थ न देणारी रॉ स्ट्रिंग वापरल्याने हा प्रश्न सुटतो, पण रॉ स्ट्रिंगचा शेवट एका बॅकस्लॅशने करता येत नाही, म्हणून फोल्डरचा पाथ बॅकस्लॅशने संपवण्याची सवय तिथे आड येते. जेसनमध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो, मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्याचा अर्थ वेगळा, आणि तारका वगैरे चिन्हांच्या नमुन्यावरून फाईली शोधणाऱ्या अनेक ग्लॉब लायब्ररींमध्ये तो पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून टाकतो. विंडोजचा पाथ ग्लॉबच्या नमुन्यात जोडला आणि एकही फाईल सापडली नाही, तर आधी हेच तपासावे.

हा फरक मुळात आला कुठून

युनिक्समध्ये फोल्डर वेगळे दाखवण्यासाठी सुरुवातीपासून फॉरवर्ड स्लॅश होता. १९८१ मध्ये आलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि फॉरवर्ड स्लॅश कमांडचे पर्याय देण्यासाठी वापरला जात होता. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह अडकलेले होते, म्हणून बॅकस्लॅश निवडला गेला. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. विंडोजची फाईल उघडणारी मूळ फंक्शने फॉरवर्ड स्लॅशही स्वीकारतात. अडते ते मुख्यतः जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या आज्ञांमध्ये, जिथे तो अजूनही पर्यायाचे चिन्ह मानला जातो. म्हणजे फॉरवर्ड स्लॅश दोन्हीकडे बव्हंशी चालतो आणि बॅकस्लॅश फक्त एकीकडे. साठवणीचे रूप ठरवताना हा असमतोल आपल्या उपयोगी पडतो.

पाथ शिरतो तिथेच त्याचे मूळ ठरवा

आता मुख्य उपायाकडे येऊ. बॅकस्लॅशच्या जागी सरसकट फॉरवर्ड स्लॅश घालण्यात चूक अशी, की त्या ओळीला पाथचे मूळ ठाऊक नसते. लिनक्सवर तयार झालेल्या फाईलीच्या नावात बॅकस्लॅश खरोखरच असेल, तर ही ओळ एका फाईलीचे फोल्डर आणि फाईल असे दोन तुकडे करते. उलट, भाषेने दिलेली तयार फंक्शने वापरली म्हणजे सगळे आपोआप होईल, हीदेखील चुकीची समजूत आहे, आणि ती अधिक पसरलेली आहे. समजा विंडोजवर तयार झालेल्या यादीत पुढील ओळ आहे आणि ती यादी लिनक्सवर वाचायची आहे.

स्कॅन\२०२४\दुसऱ्या-सत्राच्या-गुणपत्रिका.पीडीएफ

पायथनचे ‘नॉर्मपाथ’ ही ओळ लिनक्सवर जशीच्या तशी परत करते. गो भाषेतील ‘फाईलपाथ’ पॅकेजचे ‘टूस्लॅश’ही तिला हात लावत नाही, आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचे ‘पाथ.नॉर्मलाइझ’ही नाही. ही फंक्शने, प्रोग्राम ज्या सिस्टिमवर चालू आहे तिचे नियम लावतात. ‘टूस्लॅश’ त्या सिस्टिमचे विभाजकचिन्ह बदलून फॉरवर्ड स्लॅश घालते, आणि लिनक्सचे विभाजकचिन्ह आधीच फॉरवर्ड स्लॅश असल्यामुळे करण्यासारखे काही उरत नाही. त्यांची नावे वाचून त्यांच्याकडून जी अपेक्षा होते, ती त्यांनी कधीच दिलेली नाही.

म्हणून पाथ वाचताना तो जिथून आला त्या सिस्टिमचे नियम मुद्दाम सांगून वाचावा. पायथनमध्ये यासाठी ‘प्युअरविंडोजपाथ’ आणि ‘प्युअरपॉसिक्सपाथ’ हे दोन वर्ग आहेत (पॉसिक्स म्हणजे युनिक्स-लिनक्स कुळातील सिस्टिमचे मानक). ते डिस्कला स्पर्श करत नाहीत, फक्त नियम पाळतात, आणि कोणत्याही सिस्टिमवर वापरता येतात. वरची ओळ ‘प्युअरविंडोजपाथ’ला देऊन ‘अ‍ॅझ_पॉसिक्स’ मागितले, तर लिनक्सवरसुद्धा योग्य उत्तर मिळते. नोडमध्ये ‘पाथ.विन३२’ आणि ‘पाथ.पॉसिक्स’ हीच सोय करून देतात. यादीचे स्वरूप आपल्या हातात असेल, तर त्याहून चांगले म्हणजे यादी लिहितानाच फॉरवर्ड स्लॅशचा नियम घालून द्यावा. कोडच्या आवृत्त्या जपणारे गिट आपल्या अंतर्गत नोंदींत हेच करते आणि झिपच्या विनिर्देशातही हाच नियम आहे. डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.६.१ च्या आधीच्या आवृत्त्या झिपमधल्या नावांत बॅकस्लॅश लिहीत असत, आणि वर सांगितलेला बॅकस्लॅशच्या नावांचा ढीग बरेचदा तशाच एखाद्या जुन्या झिपमधून येतो.

साठवणीसाठी ठरवावयाचे रूप असे: पाथ एका ठराविक मूळ फोल्डरच्या सापेक्ष असावा, त्यात फॉरवर्ड स्लॅश असावेत, सुरुवातीला स्लॅश नसावा, एक किंवा दोन टिंबांचे घटक (अनुक्रमे तोच फोल्डर आणि त्याच्या वरचा फोल्डर दाखवणारे) नसावेत, आणि युनिकोडचे एकच रूप असावे, ज्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. मूळ फोल्डर कोणता हे प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमध्ये राहते, डेटाबेसमध्ये कधीच नाही. डेटाबेसमध्ये ड्राइव्हच्या अक्षरासह पूर्ण पाथ साठवलेले दिसले, तर स्लॅशचा प्रश्न दुय्यम समजावा. तो डेटा दुसऱ्या संगणकावर, मग तो विंडोजचाच का असेना, नेता येणार नाही. मूळ फोल्डर आणि सापेक्ष पाथ यांची जोडणी फाईल उघडण्याच्या अगदी आधी, भाषेच्या स्वतःच्या जोडणाऱ्या फंक्शनने करावी. मधल्या सगळ्या कोडने पाथ फक्त साठवणीच्याच रूपात पाहावा.

जोडणीतही एक खोच आहे. पायथनच्या ‘जॉईन’ला दुसरा घटक स्लॅशने सुरू होणारा मिळाला, तर ते पहिला घटक मुकाट्याने टाकून देते. डॉटनेटचे ‘कंबाइन’ही तसेच वागते. वापरकर्त्याकडून आलेल्या पाथच्या सुरुवातीला चुकून एक स्लॅश राहिला, की आपला मूळ फोल्डर गायब होतो. नोडच्या ‘पाथ.जॉईन’मध्ये असे होत नाही, ‘पाथ.रिझॉल्व्ह’मध्ये होते. ज्या भाषेत काम करायचे तिच्या दस्तऐवजातला हा एक परिच्छेद नीट वाचून ठेवावा.

विंडोजचे पाथ वाचताना ‘पूर्ण’ आणि ‘सापेक्ष’ एवढेच दोन प्रकार धरून चालत नाही. ‘सी:नोंदी\अहवाल.सीएसव्ही’ या पाथमध्ये अपूर्णविरामानंतर बॅकस्लॅश नाही. त्याचा अर्थ सी ड्राइव्हवरच्या चालू फोल्डरपासून पुढे, असा होतो. ‘\नोंदी’ याचा अर्थ चालू ड्राइव्हच्या मुळापासून पुढे. दोन्ही अर्धवट आहेत. दुसऱ्या प्रकाराला पायथन पूर्वी पूर्ण पाथ मानत असे आणि ३.१३ पासून मानत नाही, त्यामुळे आवृत्ती बदलल्यावर एखादी जुनी तपासणी वेगळे उत्तर देऊ लागली तर आश्चर्य वाटू नये. नेटवर्कवरील पाथ दोन बॅकस्लॅशने सुरू होतात, त्यानंतर सर्व्हरचे आणि सामायिक फोल्डरचे नाव येते. ‘लागोपाठचे स्लॅश एक करा’ असा नियम सुरुवातीच्या जोडीलाही लावला, तर नेटवर्कवरचा पाथ स्थानिक पाथ होऊन बसतो. पॉसिक्सनेही नेमक्या दोन स्लॅशने सुरू होणाऱ्या पाथचा अर्थ प्रत्येक सिस्टिमवर सोपवला आहे, आणि म्हणूनच पायथनचे ‘नॉर्मपाथ’ लिनक्सवर सुरुवातीचे दोन स्लॅश राखते, पण तीन असतील तर एक करते.

फाईलचा यूआरएल हा पाथ नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. नोडमध्ये मॉड्यूलच्या यूआरएलमधून नुसता पाथचा भाग काढून घेतला, तर विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षराआधी एक आगंतुक स्लॅश येतो, आणि नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे असतील तर त्यांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांचे आकडे दिसतात. ‘फाईलयूआरएलटूपाथ’ हे फंक्शन नेमके यासाठीच आहे. गिट बॅशसारख्या शेलमध्ये स्लॅशने सुरू होणारा प्रत्येक घटक विंडोजच्या पाथमध्ये आपोआप बदलला जाऊ शकतो. कंटेनरला (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणाऱ्या बंदिस्त वातावरणाला) दिलेला लिनक्सचा पाथ वाटेतच बदललेला दिसला, तर दोष शेलच्या या रूपांतराचा असतो. आपला कोड तिथे निर्दोष असतो.

दोन टिंबे, सिमलिंक आणि सुरक्षितता

पाथमधील दोन टिंबांचा घटक आणि त्याआधीचे फोल्डर ही जोडी खोडून पाथ लहान करणे हे नुसते मजकुरावरचे काम आहे, आणि ते नेहमीच बरोबर नसते. ‘चालू’ ही सिमलिंक (दुसऱ्या ठिकाणाकडे नेणारी खूण) ‘आवृत्त्या/सात’ या फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर ‘चालू/../सेटिंग’ याचा लिनक्सवरचा खरा अर्थ ‘आवृत्त्या/सेटिंग’ असा होतो. ‘नॉर्मपाथ’ मात्र नुसते ‘सेटिंग’ असे उत्तर देते. पायथनचे पाथलिब मॉड्यूल याच कारणासाठी दोन टिंबे स्वतःहून खोडत नाही. डिस्कवर फाईल अस्तित्वात असेल, तर ‘रिअलपाथ’ किंवा ‘रिझॉल्व्ह’ वापरावे. डिस्कशी संबंध नसलेला, नुसता यादीतला पाथ असेल, तर त्यात दोन टिंबे आल्यास तो नाकारावा. मी स्वतः अशा पाथची दुरुस्ती करण्याच्या विरोधात आहे. चांगल्या हेतूने बनवलेल्या यादीत दोन टिंबांना सहसा काही काम नसते.

बाहेरून आलेल्या पाथच्या बाबतीत हा सरळ सुरक्षिततेचा प्रश्न होतो. २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने चर्चेत आलेली त्रुटी हीच होती: संग्रहातील फाईलीच्या नावात दोन टिंबे आणि स्लॅश घालून ती ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर लिहायला लावणे. फॉरवर्ड स्लॅशसह येणारी दोन टिंबे तपासणारा कोड विंडोजवर बॅकस्लॅशसह आलेली टिंबे आत येऊ देतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाथ एकरूप करावा, मूळ फोल्डरला जोडावा, सिमलिंक सोडवून घ्याव्यात, आणि मगच परिणामी पाथ मूळ फोल्डरच्या आत आहे का हे तपासावे. ती तपासणी स्ट्रिंगच्या सुरुवातीची तुलना करून करू नये, कारण ‘/डेटा/अर्ज-जुने’ ही स्ट्रिंगही ‘/डेटा/अर्ज’ने सुरू होते. पायथन ३.९ पासून ‘इज_रिलेटिव्ह_टू’ आहे, गोमध्ये १.२० पासून ‘इजलोकल’ आहे. ती पाथ घटकांनुसार तपासतात.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे

लिनक्सवर ‘रीडमी’ हे नाव कॅपिटल अक्षरांत आणि स्मॉल अक्षरांत लिहिले तर त्या दोन वेगळ्या फाईली होतात. विंडोज आणि मॅकओएस यांच्या नेहमीच्या मांडणीत ती एकच फाईल असते, मात्र नाव ज्या अक्षरांत दिले त्याच अक्षरांत जपले जाते. बिल्ड सर्व्हरवरच न सापडणारे मॉड्यूल बहुतेक वेळा याचेच असते. फाईलीच्या नावात फक्त कॅपिटल-स्मॉलचा बदल करायचा असेल तर तो ‘गिट एमव्ही’ने करावा, म्हणजे गिटला तो दिसतो. तुलनेसाठी सगळे नाव स्मॉल करून घेणे ठीक आहे, पण असे स्मॉल केलेले नाव साठवू नये किंवा फाईल उघडायला वापरू नये. लिनक्सवर ती फाईल मग सापडणार नाही. देवनागरीत हा भेद नाही, तरी एक्स्टेन्शन रोमन असते आणि कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आलेल्या फाईलींची एक्स्टेन्शने बरेचदा कॅपिटल असतात.

देवनागरी नावे

मराठी नावांच्या फाईली हाताळणाऱ्यांना यापेक्षा वेगळी आणि अधिक अवघड अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. वरच्या उदाहरणातील ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: यू+०९३१ हे एकच अक्षर, किंवा यू+०९३० हा साधा ‘र’ आणि त्यापुढे यू+०९३सी हा नुक्ता. पहिले रूप एनएफसी, म्हणजे जोडलेले; दुसरे एनएफडी, म्हणजे सुटे. दोन्ही कायदेशीर आहेत आणि पडद्यावर एकसारखी दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टिम सगळी नावे सुटी करून साठवत असे. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस दिलेले रूप जपते आणि तुलना करताना भेद करत नाही. लिनक्सची एक्स्ट४ आणि विंडोजची एनटीएफएस यांच्या नेहमीच्या मांडणीत मात्र ती दोन वेगळी नावे असतात. म्हणून मॅकवरून आलेली फाईल आणि विंडोजवर टंकलेले तेच नाव लिनक्सच्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि डेटाबेसमधला पाथ त्यांपैकी नको त्या फाईलीला लागू शकतो.

उपाय असा, की पाथ आत येतानाच ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलच्या ‘नॉर्मलाइझ’ फंक्शनने एनएफसी रूपात आणावा. क़, ख़ यांसारखी नुक्त्याची अक्षरे एनएफसीमध्येही सुटीच राहतात, कारण युनिकोडने ती जोडणीतून मुद्दाम वगळली आहेत. त्यामुळे एनएफसी केल्यावर लांबी वाढलेली दिसली तर तो दोष समजू नये. मॅकवर गिट वापरताना ‘कोअर.प्रीकंपोझयुनिकोड’ हे सेटिंग चालू असल्याची खात्री करावी.

एनएफसीने सगळे सुटत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. ‘दुसऱ्या’ मधला तोच आकार काही कीबोर्ड ‘र’, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक म्हणजे यू+२००डी, आणि ‘य’ अशा क्रमानेही उमटवतात. हे रूप आणि यू+०९३१ चे रूप यांना युनिकोड समतुल्य मानत नाही, म्हणून कोणतेही नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. ‘ॲ’चेही तसेच: यू+०९७२ हे अक्षर आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेले रूप सारखे दिसत असले, तरी त्यांच्यात अधिकृत समतुल्यता नाही. जोडक सरसकट काढून टाकणे हा मार्ग नाही, कारण त्याने काही शब्दांचे रूपच बदलते. ज्या प्रणालीत वापरकर्ते स्वतः नावे देतात, तिथे मी फाईल डिस्कवर एखाद्या अंकी ओळखक्रमांकाच्या नावाने ठेवावी आणि मराठी नाव डेटाबेसमध्ये शीर्षक म्हणून जपावे असे सुचवेन. वाचणाऱ्याला मराठी नावच दिसते आणि फाईल सिस्टिमला त्याच्याशी घेणेदेणे राहत नाही.

देवनागरी नावांचे आणखी दोन परिणाम वारंवार दिसतात. पहिला गिटमध्ये: ‘गिट स्टेटस’ अशी नावे ‘\३४०\२४४\२६१’ यांसारख्या बॅकस्लॅश आणि आकड्यांच्या माळेने दाखवते. ते त्या नावाचे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) बाइट अष्टमान पद्धतीत लिहिलेले असतात. वरची माळ म्हणजे ‘ऱ’ हे एकच अक्षर. माणसाला वाचण्यासाठी ‘कोअर.कोटपाथ’ बंद करावे, आणि स्क्रिप्टने हे नाव वाचायचे असेल तर झेड पर्याय देऊन शून्य बाइटने विभागलेली यादी घ्यावी. हे आकडे बॅकस्लॅश असलेला विंडोजचा पाथ समजून ‘दुरुस्त’ करणाऱ्या स्क्रिप्ट खरोखरच अस्तित्वात आहेत. दुसरा परिणाम लांबीचा. लिनक्सवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात, म्हणजे एक्स्टेन्शनसह जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची असल्यामुळे तेच नाव १०० चिन्हांचे असले तरी चालते, आणि सर्व्हरवर नेताना नाव फार लांब असल्याची त्रुटी येते.

लांबी आणि राखीव नावे

विंडोजवर पूर्ण पाथची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ती उठवता येते, पण त्यासाठी सिस्टिमचे सेटिंग आणि प्रोग्रामची संमती दोन्ही लागतात. ‘\\?\’ हा उपसर्ग लावल्यास सुमारे ३२,७६७ अक्षरांपर्यंत जाता येते. मात्र असा पाथ विंडोज अजिबात एकरूप करत नाही, त्यामुळे त्यात फॉरवर्ड स्लॅश किंवा दोन टिंबे चालत नाहीत. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही नावे एक्स्टेन्शन जोडूनही टाळावीत, तसेच सीओएम आणि एलपीटी यांना १ ते ९ अंक लावून होणारी नावेही टाळावीत. नावाच्या शेवटी आलेले टिंब किंवा मोकळी जागा विंडोज काढून टाकते. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ आणि कोनी कंस तिथे चालत नाहीत. वेळेची नोंद नावात घालताना अपूर्णविराम नेमका याच कारणाने अडतो.

जुना डेटा सुधारताना

नवा कोड शुद्ध झाला तरी साठलेले पाथ तसेच असतात. ते सुधारताना थेट नावे बदलायला घेऊ नयेत. आधी प्रत्येक पाथचे साठवणीचे रूप काढून ते शेजारच्या स्तंभात लिहावे, त्याचेच स्मॉल अक्षरांतले रूप तुलनेसाठी आणखी एका स्तंभात काढावे, आणि ज्या दोन नोंदींचे हे रूप एक होते त्यांची यादी करावी. त्या जोड्यांमधील फाईलींचा आशय ताडून पाहावा. आशय एकच असेल तर एक नोंद काढता येते, वेगळा असेल तर कोणती फाईल कोणाची हे माणसाने ठरवावे. लिनक्सवर साठलेली बॅकस्लॅशची नावे याच फेरीत सापडतात, आणि ती कोणत्या काळात व कोणत्या मार्गाने शिरली हे फाईलींच्या तारखांवरून बहुधा कळते. तो मार्ग बंद केल्यावरच नावे बदलावीत, नाहीतर बदल चालू असतानाच नवी भर पडत राहते.

चाचण्या दोन्ही सिस्टिमवर चालवाव्यात, पण त्याआधी पाथ वाचणाऱ्या फंक्शनची चाचणी एकाच संगणकावर दोन्ही नियमांनी घ्यावी. वर सांगितलेले ‘प्युअर’ वर्ग त्यासाठी पुरेसे आहेत. चाचणीच्या संचात बॅकस्लॅश असलेले लिनक्सचे नाव, ड्राइव्हच्या अक्षरानंतर स्लॅश नसलेला पाथ, नेटवर्कवरील पाथ, दोन टिंबांचा पाथ, शेवटी मोकळी जागा असलेले नाव, आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द तिन्ही प्रकारे टंकलेला, एवढे तरी असावे. यांपैकी कशाचे काय उत्तर अपेक्षित आहे, स्वीकार की नकार, हे चाचणीतच लिहून ठेवले म्हणजे पुढे कोणी त्या फंक्शनला हात लावला तरी त्याला तो निर्णय दिसतो.